बोट पाण्यात घालण्यास अयोग्य

काकाजी माणसाच्या डोक्याचा वास घेत.

शेडच्या दारात ते उभे राहत, आत येणाऱ्याला हाताने थांबवत आणि जरा पुढे वाकून त्याच्या केसांशी नाक नेत. तेलाचा वास आला की म्हणत, "वापस जा गा. साबणानं धुऊन ये." समोर झाडूवाला असो, स्टोअरकीपर असो की मी. मी त्यांचा ओव्हरसियर, म्हणजे कागदोपत्री त्यांच्या वरचा. तरी पहिल्याच दिवशी त्यांनी मला नळावर पाठवलं होतं. फरक एवढाच की मला 'गा' म्हणाले नाहीत. "साहेब, तुमी बी," एवढंच म्हणाले.

कारण विचारलं की सांगत, "काचेच्या कापडाले तेलाचा हात लागला का रेझिन धरत नाई. धरल्यासारखं दिसते. मंग पाण्यात गेल्यावर सोडते." हे शेवटचं वाक्य ते नेहमी आवाज खाली आणून बोलत, घरातल्या कुणाचा आजार सांगावा तसं.

नागपुरात कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला काकाजी म्हणतात. आमच्या तलावावर मात्र काकाजी म्हटलं की एकच माणूस. पन्नाशी ओलांडलेले, काटकुळे, खाकी शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेले. हुद्दा फिटर-फोरमन. त्यांना आठवायला बसलो की आधी हसू येतं आणि थोड्या वेळाने माझे तळहात गार पडतात. दुसऱ्या कुणाच्या आठवणीने मला असं होत नाही.

तलाव शहराच्या पश्चिमेला होता. शहराच्या काही वस्त्यांना त्याचं पाणी जायचं. काठापासून दोन फर्लांगांवर, ऐन पाण्यात, बुरुजासारखी एक गोल दगडी विहीर होती. तिच्या भिंतीतली दारं वरखाली करून पाणी आत घ्यायचं आणि तिथून ते नळाने शहराकडे जायचं. विहिरीवर पाळीपाळीने दोन माणसं असत. पूर्वी तिथवर एक अरुंद पूल होता. त्याचा मधला गाळा एका पावसाळ्यात वाहून गेला आणि तेव्हापासून माणसं लाकडी डोंग्यातून ये-जा करायची. डोंगा म्हातारा झाला होता. म्हणून खात्याला जुन्या फायबरच्या बोटीची आठवण झाली.

ही बोट फार पूर्वी कुठल्याशा बंदरावरून आणलेली. सोळा फुटांची. कित्येक वर्षं ती बाभळीखाली उघडी पडून होती, आत पावसाचं पाणी साचायचं आणि शेळ्या ते पिऊन जायच्या. तळाला बाहेरून लहानमोठे फोड आले होते. काकाजींनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांनी आरीच्या टोकाने एक फोड फोडला. आतून चिकट पाणी आलं. ते बोटावर घेऊन त्यांनी माझ्या नाकाशी धरलं. सिरक्यासारखा आंबट वास होता.

"हे वरचं पाणी नाई साहेब," ते म्हणाले, "हे अंगात मुरलेलं आहे. दवाखान्यात भरती करा लागते हिले."

काकाजींनी त्यापूर्वी बोट कधी दुरुस्त केली नव्हती. त्यांचं नाव होतं ते कूलरच्या टाक्यांसाठी. उन्हाळ्यात नागपुरात घरोघरी कूलर, आणि घरोघरी त्याच्या टाकीखाली कळशी. काकाजींनी जोड बंद केलेली टाकी मात्र गळत नसे. त्यांच्या स्वतःच्या घरी, इंदोरा वस्तीत, कूलर नव्हता. "रोज त्याच्याखाली पाहत बसन मी. झोप कुठी लागन?" म्हणत. फायबरचं काम ते सीताबर्डीच्या फूटपाथवर मिळालेल्या एका इंग्रजी पुस्तिकेवरून शिकले. जेवणाच्या सुट्टीत ते एकेक ओळ मोठ्याने वाचत, अडलेला शब्द मला विचारत, आणि मी सांगितलेला अर्थ पुन्हा शब्दकोशात तपासून बघत. माझ्यावर अविश्वास म्हणून नव्हे. ते नटावरही वॉशर टाकत आणि वॉशरवरही दुसरा नट.

पाण्याशी त्यांचं एक प्रकारचं वैर होतं. "पाणी कोणाचंच नातेवाईक नाई," हे त्यांचं आवडतं वाक्य. एकदा कुणीतरी चेष्टेत विचारलं, मग तुमचं बोटीशी काय नातं? तेव्हा त्यांनी बोटीच्या भोकांना नातेवाइकांची नावं दिली. खरोखरच दिली. जुन्या फिटिंगा काढल्यावर बोटीत एकतीस भोकं निघाली होती: दोर बांधायच्या खुंट्यांची, वल्ह्यांच्या आकड्यांची, इंजिनाच्या बोल्टांची. तळाशी, मागच्या अंगाला, पाणी काढून टाकायचं भोक सगळ्यांत मोठं. ते मोठे साडू. त्याच्या शेजारची तीन म्हणजे मामेसासरे, आत्याबाई आणि व्याही. "नंबर दिला का माणूस इसरते," ते म्हणत. "नातेवाईक इसरतो म्हटलं तरी इसरत नाई."

फेब्रुवारीत त्यांनी बोट शेडमध्ये पालथी घातली आणि मे संपेपर्यंत तिला नुसतं वाळवलं. रोज संध्याकाळी पारदर्शक प्लॅस्टिकचा एक तुकडा तळावर चिकटवायचा आणि सकाळी गुडघ्यावर बसून बघायचं, आतून दव धरलंय का. धरलेलं असलं की ते न बोलता उठत आणि त्या दिवशी शेडमध्ये कुणी मोठ्याने बोलत नसे. मे महिन्यात शेडचा पत्रा हात लावू देत नव्हता, पण कूलर लावायचा नाही, दमट हवा नको. जूनमध्येही काचेच्या कापडात भरायचं ते चिकट रेझिन उन्हात लगेच आवळायचं म्हणून ते पहाटे पाचला येऊन कालवत. काचेचं कापड कापताना त्याची कुसं अंगात शिरायची; आम्ही सगळे रात्रभर खाजवायचो. माझी बायको मला वेगळ्या खोलीत झोपवायची. काकाजी मात्र म्हणत, थंड पाण्यानं आंघोळ करा, गरम पाण्यानं अंगाची भोकं उघडतात. माणसाच्या अंगालाही ते भोकांच्याच हिशोबाने बघत.

दर शनिवारी ते कामाच्या रजिस्टरात एकच ओळ लिहीत: 'बोट पाण्यात घालण्यास अयोग्य.' खाली सही. आठवड्यामागून आठवडे तीच ओळ.

आमच्या कार्यकारी अभियंत्यांना ही ओळ सहन होईना. आम्ही त्यांना मोठे साहेब म्हणायचो. त्यांच्याही वरचे कुणी अधिकारी पावसाळ्यात तलाव बघायला येणार होते आणि त्यांना बोटीतून विहिरीपर्यंत न्यायचं मोठ्या साहेबांनी कबूल करून टाकलं होतं. जुलैत एका सकाळी ते स्वतः शेडवर आले. केस चापूनचोपून बसवलेले. काकाजी दारात उभे होते. ते वाकले. मी डोळे मिटून घेतले.

"साहेब, तुमच्या डोक्याले चमेलीचं तेल आहे."

मोठ्या साहेबांचा हात केसांकडे गेला. मग म्हणाले, "बाजूला हो."

"आत कापड उघडं आहे साहेब. अर्धा तास थांबा, झाकतो."

मोठे साहेब थांबले नाहीत, आतही गेले नाहीत. माझ्याकडे वळून एवढंच बोलले, "पंधरा ऑगस्टच्या आधी बोट पाण्यात पाहिजे. नसली तर तुम्ही दोघं मला दुसरीकडे दिसाल." जीप निघून गेली.

मी त्या दिवशी काकाजींवर ओरडलो. पहिल्यांदाच. म्हणालो, तुमच्या या हट्टापायी माझ्या घरादाराची पळापळ होईल. बाहेरून बोट चकचकीत दिसतेय, रंग मारा आणि द्या ना! ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "साहेब, दीक्षा घेतली तेव्हा बावीस प्रतिज्ञा घेतल्या. माह्या बापानं घेतल्या, मायनं घेतल्या, मी घेतल्या. आजपावतो एक तोडली नाई. तेविसावी माही माह्याच मनाची आहे. आतून वल्लं असन तर वरून रंग लावणार नाई." त्यात फुशारकी नव्हती. जणू ते मला पत्ता सांगत होते, की मी इथे राहतो.

त्यानंतर ते आणि मी कामापुरतंच बोलू लागलो. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी फिटिंगा बसवायला घेतल्या. त्यांचे एक नातेवाईक विमानांच्या दुरुस्तीत होते. त्यांच्याकडून विमानाच्या टाकीला लावतात तो करडा रबरी मसाला आणला होता. तो लावला की सात दिवस हात लावायचा नाही, तरच तो पक्का होतो. सत्तावीस भोकं झाली. तळाची चार, म्हणजे साडू, मामेसासरे, आत्याबाई आणि व्याही, राहिली होती.

त्याच सुमारास एकदा ते आपण होऊन बोलले. डोंग्याकडे बोट दाखवून म्हणाले, "त्याची बुडाची फळी सडली आहे. त्याच्यात माणूस पाठवू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच डोंग्यातून दोन माणसं विहिरीवर पाठवली. गढूळ पाणी आलं होतं, खालची दारं पाडून वरची उघडायला हवी होती. मी कागदावर लिहून दिलं, सही केली. ऑपरेटर देवराव आणि त्याचा जोडीदार. देवराव माझ्याच वयाचा. तलावाच्या कॉलनीत बायकोबरोबर राहायचा. जाताना म्हणाला, "सायंकाळी येतो साहेब."

दुपारी तीनच्या सुमारास वारा सुटला. पाऊस फारसा नव्हता, पण तलावावर पांढऱ्या फेसाच्या लाटा उठत होत्या. विहिरीवर मूठ फिरवायचा टेलिफोन होता, त्याची दुसऱ्या टोकाची घंटा माझ्या टेबलाशी वाजली. जोडीदार बोलत होता.

"साहेब, देवरावले पान लागलं."

आमच्याकडे साप चावला असं लगेच म्हणत नाहीत. पुरात वाहून आलेला नाग पायऱ्यांवर चढून बसला होता, दाराचं चाक फिरवताना देवरावच्या हाताला डसला. मी ओरडलो, डोंग्यात घाल आणि आण त्याला! तिकडून रडका आवाज आला, "डोंगा नाई साहेब. दगडावर आपटून फुटला. बुडाला."

पलीकडच्या काठाला ढिवर कोळ्यांचे डोंगे होते, पण वाटेतला नाला भरून वाहत होता. जीप तिकडे जाऊ शकत नव्हती. एवढ्या लाटांत पोहत जाऊन माणूस आणणं शक्य नव्हतं. मी धावत शेडवर गेलो. काकाजी बोटीपाशी बसून होते. मी सांगितलं. त्यांनी बोटीकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

"कालच मसाला भरला साहेब. कच्चा आहे. खाली चार भोकं उघडी आहेत."

"मग?"

"मंग काई नाई. नाई जमत."

तेवढ्यात देवरावची बायको लीलाबाई पोचली. कॉलनीत बातमी वाऱ्याआधी गेली होती. तिच्या हाताला पीठ होतं. ती रडत नव्हती. सरळ काकाजींसमोर येऊन उभी राहिली.

"काकाजी, मले खरं सांगा. जाते का नाई बोट?"

त्यांच्यासारख्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं, हे तिला माहीत असावं. त्यांनी तळाच्या एका भोकावरून अंगठा फिरवला. 

"बोट जाईन बाई," ते म्हणाले. "वापस येईन का, हे मले मालूम नाई."

"मंग जाऊ द्या."

मी ओरडलो, "काकाजी, काढा बोट! मी लेखी देतो, माझ्या हुकमावरून काढली म्हणून! काढा!" शेडमध्ये तेव्हा दहाबारा माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं.

काकाजी उठले. धावले नाहीत. फळीवरून सावरीच्या मऊ लाकडाचा तुकडा काढला आणि पटाशीने त्याच्या निमुळत्या खुंट्या तासायला बसले. एक तासली, भोकात घालून बघितली, काढली, आणखी जरा तासली. धोतराची पट्टी मेणात बुडवून तिच्यावर गुंडाळली. मी दारापाशी जाऊन तलावाकडे बघून परत आलो.

"काकाजी, तिकडे माणूस मरतोय!"

"म्हणूनच तर नीट करून राहिलो," ते म्हणाले आणि तिसरी खुंटी घेतली.

चारही ठोकून झाल्यावर बारा जणांनी बोट खांद्यावर उचलून पाण्यात नेली. इंजिन नव्हतंच, वल्ही होती. एक वल्हं मी घेतलं, दुसरं मारोती नावाच्या खलाशाने. काकाजी मधोमध, तळाशी बसले, पुढ्यात रंगाचा रिकामा डबा. काठ सोडल्यावर मी विचारलं, "पोहता येतं ना तुम्हाला?"

"नाई. तुमाले?"

"येतं."

"मंग मागून बसा. साडू तिकडेच आहेत."

जाताना वारा समोरून होता. बोट लाटेवर चढून आपटली की तळातून एक बारीक आवाज यायचा, दातावर दात घासल्यासारखा, आणि दर आवाजाला काकाजींचा चेहरा आक्रसायचा. ते एकेका भोकावर नजर ठेवून सांगत होते, आमच्याशी की स्वतःशी कोण जाणे. "व्याही ठीक आहेत. आत्याबाई ठीक. डावीकडची खुंटी झिरपून राहिली... झिरपू दे." काल भरलेला मसाला लाटांनी दाबून बाहेर येत होता. अर्ध्या वाटेत पाणी घोट्यापर्यंत आलं. ते डब्याने उपसत राहिले, एका लयीत.

विहिरीच्या लोखंडी शिडीशी बोट टिकवणं हे सगळ्यांत अवघड होतं. मारोतीने शिडीला मिठी मारली. जोडीदाराने देवरावला पाठीवर बांधून खाली आणलं. देवरावच्या दंडाला गमछा आवळला होता, हात कोपरापर्यंत सुजला होता, आणि पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या. त्याला जाग होती, पण त्याला पापण्या उचलता येत नव्हत्या.

आता आम्ही पाच झालो. बोट चांगली वीतभर खाली गेली.

परतीला वारा पाठीवर होता, म्हणून मी मनात म्हटलं, झालं. आणि तेवढ्यात माझ्या पायाशी फट्‌ असा आवाज झाला. मोठ्या साडूंची खुंटी उडून बोटीतच तरंगत होती आणि तळातून अंगठ्याएवढी जाड पाण्याची धार वर येत होती.

"साहेब, वल्हं सोडू नका!" काकाजी ओरडले. ते माझ्या पायांवरून सरपटत मागे आले, खुंटी पकडून भोकात बसवायला लागले. ती फुगली होती, बसेना. त्यांनी ती फेकली आणि उजव्या हाताची दोन बोटं भोकात घातली. धार तुटली. बाजूने पाणी येत राहिलं, पण धार तुटली. ते तसेच ओणवे, हनुवटीपर्यंत पाण्यात, गालाने माझ्या पिंढरीला टेकलेले. जोडीदार डबा घेऊन उपसू लागला.

"देवरावसंग बोला साहेब," ते खालूनच म्हणाले. "झोपू देऊ नका."

मी काय बोललो ते मला आठवत नाही. मी वल्हं मारत होतो आणि देवरावला काहीतरी विचारत होतो, बहुधा त्याच्या गावाबद्दल. तो उत्तर द्यायचा, पण शब्द जडावले होते. काकाजी मधून मधून विचारत, "किती राह्यलं?" मी म्हणे, "थोडं." आणि ते म्हणत, "खरं सांगा." शेवटी मी खरं सांगायला लागलो. शंभर हात. ऐंशी हात. साठ.

काठावरची माणसं कमरेएवढ्या पाण्यात पुढे आली होती. देवरावला उचलून जीपमध्ये घातलं, लीलाबाई मागे चढली, आणि जीप मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याकडे गेली. बोट तिथेच काठाशी बुडाली, हातभर पाण्यात. काकाजींची बोटं काचेच्या धारेने हाडापर्यंत कापली होती. त्यांनी ती शर्टाच्या टोकात गुंडाळली आणि म्हणाले, "हिले बाहेर काढा. रात्री पाण्यात ठेवू नका."

देवराव वाचला. चार दिवस त्याच्या घशात श्वासाची नळी होती, पण वाचला. कॉलनीत म्हण पडली, काकाजीनं बोटानं बोट वाचोली.

दुसऱ्या सकाळी मी शेडवर गेलो तर काकाजी पट्टी बांधलेल्या हाताने, डाव्या हातात पाना धरून, बसवलेल्या सत्तावीसच्या सत्तावीस फिटिंगा सोडवत होते. मसाला खरवडून काढत होते. सगळं पहिल्यापासून. मोठे साहेब दुपारी आले, खुशीत होते. म्हणाले, "अरे, काल तर चालली की बोट! आता कसली दुरुस्ती?"

"काल चालली नाई साहेब," काकाजी म्हणाले. "काल वाचली."

आठवड्याभरात चौकशीचा कागद आला. बोट वेळेवर न मिळाल्याचं उत्तर मोठ्या साहेबांना वर द्यायचं होतं. मुद्दा सोपा आणि वाईट होता. बोट योग्य होती, तर फोरमनने महिनोन्‌महिने 'अयोग्य' का लिहिलं? अयोग्य होती, तर पाच कर्मचाऱ्यांचा जीव धोक्यात घालून ती काढली का? विश्रामगृहाच्या व्हरांड्यात टेबल मांडून दुसऱ्या विभागाचे एक अधिकारी बसले. काकाजी उभे होते, बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"बोट योग्य होती की अयोग्य?"

"अयोग्य."

"तरी काढलीत?"

"काढली."

"का?"

"माणूस तिकडे होता."

"कुणी सांगितलं काढायला?"

काकाजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कोणी नाई. माह्यं मीच."

मग मला बोलावलं. मी काय जबानी दिली ते मला शब्दशः पाठ आहे. मी म्हणालो, "सदर प्रसंगी मी घटनास्थळी हजर होतो." एवढंच. डोंग्याबद्दल त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सही केली आणि सायकलवरून घरी आलो. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, विचारपूस होती. त्या रात्री मी जेवलो, झोपलो. हेही सांगायला हवं.

जबानीनंतर तिसऱ्या दिवशी देवराव आणि लीलाबाई माझ्या घरी आले. त्याला नुकतंच सोडलं होतं. लीलाबाई माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरकलो तर म्हणाली, "काहून सरकता साहेब? तुमीच म्हणाले, माह्या हुकमानं काढा म्हणून. म्या आयकलं ना. काकाजी तर नाईच म्हणत होते." देवराव दाराशी उभा होता. काकाजींनी डोंग्याबद्दल मला बजावलं होतं, हे त्याला माहीत होतं. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात राग नव्हता. त्यामुळे मला तिथे उभं राहवेना.

मी त्याच दुपारी विश्रामगृहावर गेलो आणि दुसरी जबानी लिहून दिली. बोट माझ्या तोंडी हुकमावरून काढली. डोंगा नादुरुस्त असल्याची सूचना फोरमनने आदल्या दिवशी मला दिली होती. ती मी मानली नाही.  अधिकाऱ्यांनी वाचलं आणि विचारलं, "विचार केलाय ना?" मी म्हटलं, "आधी केला नव्हता."

तरीही काकाजींच्या सेवापुस्तकात ठपका आला, लेखी परवानगीवाचून बोट काढल्याचा. माझी बदली चांद्याकडे जंगलात झाली. मोठे साहेब होते तिथेच राहिले. ती बोट पुढे डिसेंबरात पाण्यात गेली आणि खूप वर्षं चालली, असं मला देवरावनेच एकदा कळवलं. काकाजी तिच्यात पुन्हा बसले नाहीत. निवृत्तीनंतर दोनेक वर्षांत ते इंदोऱ्यातल्या घरीच वारले. मला उशिरा समजलं.

नागपूर सोडायच्या दिवशी मी निरोप घ्यायला शेडवर गेलो होतो. चांद्याची बस दुपारची होती. सामान बायकोबरोबर स्टँडवर पुढे गेलं होतं. काकाजी बोटीच्या आत होते, फक्त डोकं दिसत होतं. माझी दुसरी जबानी त्यांना कळली होती, हे मला ठाऊक होतं. काहीतरी म्हणतील असं वाटत होतं, आणि नको म्हणू देत असंही वाटत होतं.

"साहेब, आले का? बरं झालं. मारोती जेवायले गेला. बाहेरून हा बोल्ट धरा."

मी बाहेरून बोल्टच्या डोक्यावर पाना लावला. ते आतून नट फिरवू लागले. आमच्या मधे बोटीची भिंत होती. मला ते दिसत नव्हते, फक्त आवाज येत होता.

"हलू देऊ नका. बोल्ट फिरला का मसाला फाटते. नटच फिराले पाह्यजे."

"धरलाय."

"जोरानं धरा."

बराच वेळ ते फिरवत राहिले, पाव फेरा, मग थांबणं, मग पाव फेरा. माझा हात दुखू लागला. बस निघायला फार वेळ नव्हता. मी म्हणालो, "काकाजी, मी आधी खोटं बोललो होतो. पहिल्या दिवशी."

आतून पान्याचा आवाज थांबला.

"पूर्ण खोटं नाई," ते म्हणाले. "अर्धं गाळलं." आणि पुन्हा पाव फेरा. मग विचारलं, "मसाला बाहेर आला का?"

मी बघितलं. बोल्टच्या डोक्याभोवती करडा मसाला हळूहळू उमटत होता.

"आला."

"सगळीकून सारखा? नीट पाहा. मले दिसत नाई इकडून. तुमी सांगाल तेच खरं."

मी वाकून, डोकं वळवून, खालून वरून पाहिलं. एका बाजूला कड जरा पातळ होती. बसची वेळ झाली होती.

"नाही," मी म्हणालो. "उजवीकडे कमी आहे."

"मंग धरून राहा."

त्यांनी आणखी पाव फेरा दिला, मग आणखी एक अगदी थोडा. उजवीकडून मसाला आला, गोल पुरा झाला. मी तसं सांगितलं.

"आता सोडा साहेब," आतून आवाज आला. "जा, बस चुकन."